विसरू नको म्हणणारं फूल

पंचविशीत असताना मी एका फुलावर कविता लिहिली होती. ते फूल म्हणजे 'फरगेट-मी-नॉट'. बी.ए.ला असताना इंग्रजीच्या पुस्तकात त्याचं नाव भेटलं, फार आवडलं, वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवलं आणि पुढे त्याची कविता झाली. निळं फूल, नदीचा काठ, ताटातूट, आठवण असं सगळं तिच्यात होतं. एका गावच्या कविसंमेलनात मी ती वाचली. टाळ्याही पडल्या. मंडपातून बाहेर पडताना एक वयस्कर शेतकरी जवळ आले. डोक्याला पटका, हातात काठी. म्हणाले, "कविता ब्येस हाय. पर ह्ये फूल उगवतं कुठं? पानी किती लागतं त्याला?"

मी म्हणालो, "तिकडं, इंग्लंडात."

"तुमी बघितलंय?"

"नाही."

"मग आसूं द्या," असं म्हणून ते आपल्या चपला शोधायला लागले.

ते रागावले नव्हते, हसलेही नव्हते. पण ते 'आसूं द्या' माझ्या मनातून गेलं नाही. न पाहिलेल्या फुलावर मी ओल्या डोळ्यांची कविता लिहिली होती, आणि ज्या माणसाने आयुष्यभर बी मातीत घातलं त्याने मला दोनच प्रश्न विचारले होते. त्या दोन प्रश्नांची उत्तरं शोधायला मला जवळजवळ तीस वर्षं लागली. आज ती तुम्हाला सांगायची आहेत.

आधी फुलाची ओळख. फरगेट-मी-नॉटचं शास्त्रीय नाव मायोसॉटिस. हा ग्रीक शब्द आहे आणि त्याचा अर्थ उंदराचा कान. पानं लहान, मऊ, बारीक लव असलेली, म्हणून हे नाव. झाड वीतभर, फार तर दीड वीत उंच. फूल आपल्या करंगळीच्या नखापेक्षाही लहान, पाऊण ते एक सेंटिमीटरच्या आत. पाच गोल पाकळ्या, रंग आभाळासारखा निळा आणि मधोमध पिवळ्या रंगाचं बारीकसं कडं. कळी मात्र निळी नसते, गुलाबी असते. कळी उमलते तशी पाकळीच्या पेशींमधली आम्लता कमी होते आणि तोच रंग गुलाबीचा निळा होतो. लिटमस कागदाचा जो खेळ आपण शाळेच्या प्रयोगशाळेत पाहिला, तोच हा खेळ, फक्त उलट दिशेने. फुलोरा टोकाशी विंचवाच्या नांगीसारखा वळलेला असतो आणि एकेक फूल उमलत जाईल तसा हळूहळू सरळ होतो. म्हणून इंग्लंडात पूर्वी या झाडाला 'विंचूगवत' अशा अर्थाचं नाव होतं. नांगीसारखं दिसतं म्हणजे विंचवाच्या दंशावर चालत असणार, असाही त्या काळी समज होता. दिसण्यावरून गुण ठरवायची सवय माणसाला सगळीकडेच असते.

हा वळलेला फुलोरा बघायला युरोपात जायला नको. आपल्याकडे पडीक जागेत, गटाराच्या कडेला भुरुंडी उगवते. तिचा तुरा हत्तीच्या सोंडेसारखा वळलेला असतो, म्हणून संस्कृतात तिला हस्तिशुंडी म्हणतात. ती याच गणगोतातली. या कुलाचं शास्त्रीय नाव बोरॅजिनेसी. आपले वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला भोकर कुल म्हणतात. ज्या भोकराचं आपण लोणचं घालतो, तेच भोकर. अलीकडे काही शास्त्रज्ञ भोकराला आणि भुरुंडीला वेगळं बिऱ्हाड करून देतात, पण नातं कुणी नाकारत नाही.

या कुलाची माझी पहिली ओळख मात्र पुस्तकातली नव्हती, बरणीतली होती. आमच्या मोहल्ल्यात एक हकीमसाहेब होते. त्यांच्या दुकानात काचेच्या बरण्यांची रांग होती आणि एका बरणीवर उर्दूत लिहिलेलं होतं, 'गावजबान'. गाव म्हणजे गाय आणि जबान म्हणजे जीभ. पान गाईच्या जिभेसारखं खरखरीत, म्हणून हे फारसी नाव. परीक्षा जवळ आली की अब्बा त्या हकीमसाहेबांकडून गावजबानचा खमिरा आणायचे. हृदयाला आणि मेंदूला ताकद येते, असं युनानी वैद्यकात मानतात. मला चमचाभर खमिरा गोड लागायचा म्हणून मी खायचो. पाठांतर किती वाढलं ते माझ्या गणिताच्या मास्तरांना विचारावं लागेल.

पुढे कळलं की गावजबान ही एकच वनस्पती नाही. युरोपात तिच्या नावाखाली बोरेज येतं, इराणात दुसरं जांभळं फूल येतं आणि आपल्या बाजारात बहुतेक वेळा हिमालयातली ऑनोस्मा नावाची केसाळ वनस्पती येते. सगळ्या याच कुलातल्या आणि सगळ्यांची पानं खरखरीत. आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. या कुलातल्या अनेक वनस्पतींत यकृताला अपाय करणारी द्रव्यं असतात. तेव्हा माझं बोलणं वाचून कुणी रस्त्याकडेची भुरुंडी काढ्यात घालू नये. औषध जाणकाराच्या हातूनच घ्यावं.

आता नावाकडे वळू. 'मला विसरू नकोस' हे नाव युरोपातल्या बऱ्याच भाषांत आहे. जर्मनमध्ये 'फेरगिसमाइननिश्ट' असा लांबलचक शब्द आहे आणि अर्थ तोच. जर्मन लोककथा अशी. एक सरदार आणि त्याची प्रेयसी डॅन्यूब नदीच्या काठाने चालले होते. तिला पाण्याच्या कडेला निळी फुलं दिसली. तो ती आणायला उतरला. अंगावर जड चिलखत, पाय घसरला आणि प्रवाहाने ओढून नेलं. जाता जाता त्याने फुलांची जुडी काठावर फेकली आणि ओरडला, मला विसरू नकोस. इंग्रजीत हे नाव रुळलं ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. १८०२ मध्ये कोलरिजची एक कविता प्रसिद्ध झाली, तिच्यात हे नाव आलं आणि विंचूगवत मागे पडलं. कवीने फुलाचं नाव बदलून टाकलं म्हणायचं. पण कोलरिजच्या देशात ते फूल ओढ्याकाठी उगवत होतं. माझ्या आणि त्याच्या कवितेत बाकीचे फरक आहेतच, पण हा पहिला.

असं नाव असल्यावर माणसं त्या फुलावर आपली दुःखं ठेवणारच. कॅनडाच्या पूर्व टोकाला न्यूफाउंडलंड नावाचं बेट आहे. पहिल्या महायुद्धाच्या वेळी ते कॅनडात नव्हतं, स्वतंत्र वसाहत होतं. १ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये बोमाँ-आमेल या गावाजवळ त्यांच्या पलटणीला चढाईचा हुकूम झाला. सुमारे आठशे जण खंदकातून बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी हजेरीला उभे राहिले ते ६८. तेव्हापासून १ जुलै हा तिथे स्मृतिदिन आहे. न्यूफाउंडलंड १९४९ मध्ये कॅनडात सामील झालं. त्या देशाचा राष्ट्रीय दिन नेमका १ जुलैच, पण या बेटावर त्या दिवशी सकाळी लोक कोटाला फरगेट-मी-नॉट लावतात. आर्मेनियन लोकांनी १९१५ च्या आपल्या संहाराची शताब्दी २०१५ मध्ये पाळली, तेव्हा खूण म्हणून हेच फूल निवडलं. ब्रिटनमध्ये अल्झायमरच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेची खूणही हेच फूल आहे. ज्यांना आपल्याच घरातल्या माणसांची नावं आठवत नाहीत, त्यांच्यासाठी हे नाव. यावर मी काही भाष्य करत नाही.

पण मला या फुलाची जी गोष्ट सर्वांत जवळची वाटते, ती सरदाराची नाही, एका मुख्याध्यापकाची आहे.

बर्लिनजवळ स्पांडाऊ नावाचं गाव होतं, आता ते बर्लिनचाच भाग आहे. तिथल्या शाळेत १७८० पासून ख्रिस्तियान कॉनराड स्प्रेंगेल नावाचे मुख्याध्यापक होते. त्यांना वनस्पतींचा नाद लागला. १७८७ च्या उन्हाळ्यात त्यांनी एका रानटी जिरेनियमच्या फुलात डोकावून पाहिलं. पाकळीच्या तळाशी बारीक केस होते आणि त्यांच्या आडोशाला मधाचा थेंब. त्यांना प्रश्न पडला, हे केस कशासाठी? उत्तर सुचलं, पावसाचं पाणी मधात मिसळू नये म्हणून. मग मध कुणासाठी? किड्यांसाठी. त्या काळी फुलात मध का असतो, याचं पटेल असं उत्तर कुणाकडे नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी फरगेट-मी-नॉट हातात घेतलं. इथे ते पिवळं कडं त्यांच्या डोळ्यात भरलं. आभाळी निळ्या पाकळ्या आणि बरोबर मध्ये, जिथे मधाच्या नळीचं तोंड आहे, तिथेच पिवळं वर्तुळ. त्यांनी विचार केला, हे किड्याला वाट दाखवण्यासाठी तर नसेल? दुकानावर जशी पाटी असते, तशी ही फुलाची पाटी. मध आत आहे, दार इथे आहे. आज या खुणांना मधदर्शक खुणा म्हणतात आणि शाळेच्या पुस्तकात त्या एका ओळीत येतात. ती ओळ या माणसाने एवढ्याशा फुलात वाचली.

त्यानंतर स्प्रेंगेल थांबले नाहीत. रानात तासन् तास एका फुलासमोर बसायचे, कोण येतं, कुठून आत शिरतं, अंगाला पराग कुठे लागतात, हे टिपून ठेवायचे. सुमारे साडेचारशे जातींची निरीक्षणं त्यांनी १७९३ मध्ये पुस्तकरूपाने छापली. फुलाची रचना आणि किडा यांचं नातं एवढ्या बारकाईने आधी कुणी मांडलं नव्हतं. पण पुस्तकाची दखल फारशी कुणी घेतली नाही. शाळेतल्या कामाकडे दुर्लक्ष होतं म्हणून तक्रारी झाल्या, १७९४ मध्ये पद सोडावं लागलं. पुढे बर्लिनमध्ये शिकवण्या करत ते राहिले आणि १८१६ मध्ये वारले. जवळजवळ विसरले गेले. 'विसरू नको' म्हणणाऱ्या फुलाची खूण ज्याने ओळखली, त्यालाच लोक विसरले.

आठवण कुणी ठेवली? १८४१ मध्ये रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाने चार्ल्स डार्विनला सांगितलं, हे पुस्तक वाच. डार्विनने वाचलं आणि बागेत जाऊन स्वतः फुलांसमोर बसला. एका फुलाचे पराग दुसऱ्या झाडाच्या फुलावर गेल्याने झाडाचा काय फायदा होतो, हे स्प्रेंगेलना सांगता आलं नव्हतं. ते डार्विनने सांगितलं आणि जुन्या मुख्याध्यापकाचं ऋण मान्य केलं. पुढे १९१४ च्या सुमारास कार्ल फॉन फ्रिश यांनी मधमाशीला रंग ओळखता येतात, हे प्रयोगाने सिद्ध केलं. तेव्हा ती पाटी वाचणारा ग्राहकही साक्षर आहे, हे कळलं.

या पाटीची आणखी एक गंमत आहे. फूल जुनं होतं तसं ते पिवळं कडं फिकं पडत पांढरं होतं. म्हणजे दुकान बंद, पुढच्या दारात जा. मधमाशीचा खेप वाया जात नाही आणि ताज्या फुलाला गिऱ्हाईक मिळतं. जुनं फूल तरीही गळून पडत नाही, निळं राहून दुरून घोळक्याची शोभा वाढवतं. लांबून येणाऱ्या माशीला एवढा मोठा निळा ठिपका दिसायला तेही उपयोगी पडतं.

हे सगळं मी वाचलं खरं, पण अजून फूल पाहिलेलं नव्हतं. ते कसं पाहिलं, आता ते सांगतो.

आम्ही बागवान. बाग राखणारा तो बागवान, पण आमच्या घरात मागच्या तीन पिढ्यांनी फळं विकली, झाड एकही लावलं नाही. बहिणीची मुलगी इंग्लंडात नोकरीला आहे. तिने काही वर्षांपूर्वी येताना या फुलाच्या बियांचं पाकीट आणलं. पाकिटावर लिहिलेलं होतं, मे ते जुलैमध्ये पेरा. मी साताऱ्याच्या जूनमध्ये पेरलं. बी उगवलं, दोन पानांवर आलं आणि पंधरा दिवसांच्या झडीत बुडाशी कुजून आडवं झालं. अम्मीने कुंडी पाहिली आणि म्हणाली, "बागवान का बच्चा तू, और एक रोप नै जगता तेरे हात से?"

चूक माझी होती. पाकिटावरचा जून इंग्लंडचा होता. तिकडे या फुलाचं वर्ष वेगळं चालतं. बागेत लावतात तो मायोसॉटिस बहुधा द्विवर्षायू असतो. उन्हाळ्यात बी पेरायचं, तेव्हा तिथे हवा आपल्या डिसेंबर-जानेवारीइतकी सौम्य असते. बी जेमतेम झाकेल एवढीच माती वर घालायची. दोन-तीन आठवड्यांत उगवतं. पावसाळा संपल्यासारखा तिकडचा शरद आला की रोपं एकमेकांपासून वीतभर अंतरावर वाफ्यात हलवायची. मग हिवाळाभर ती पानांचा गोल फुलवून जमिनीला चिकटून बसतात. बर्फ पडलं तरी मरत नाहीत. उलट ती थंडीच त्यांना हवी असते. काही आठवडे चांगली थंडी खाल्ल्याशिवाय बऱ्याच वाणांना कळी धरत नाही. एप्रिल-मेमध्ये वसंत आला की सगळा वाफा निळा होतो. ट्यूलिपच्या उंच दांड्यांखाली याची निळी चटई, ही तिकडच्या बागांची जुनी आवडती जोडी.

जागा कशी हवी? अर्धवट सावली, भुसभुशीत, ओलावा धरणारी पण पाणी न साचणारी माती. याची एक बहीण मात्र ओढ्याच्या काठाला, अगदी पाण्यात पाय सोडून वाढते. लोककथेतला सरदार बहुधा तिच्यासाठीच घसरला. माती कोरडी पडली की पानांवर भुरी येते. पण सर्वांत सोपं काम शेवटचं. फुलं संपली की झाड उपटायचं आणि जिथे पुढच्या वर्षी फुलं हवीत तिथे नेऊन झटकायचं. प्रत्येक फुलामागे चार काळ्या, चकचकीत बारीक बिया असतात, त्या पडतात आणि आपापल्या उगवतात. एकदा लावलं की बागेला ते विसरायचं ठरवलं तरी विसरता येत नाही. अमेरिकेतल्या काही राज्यांत तर ती पाण्याकाठची जात ओढ्यांमध्ये इतकी माजली की तिच्या विक्रीला बंदी घालावी लागली.

लागवडीने एखादी जात तगते, याचंही उदाहरण याच घराण्यात आहे. न्यूझीलंडच्या पूर्वेला सुमारे आठशे किलोमीटरवर चॅटम बेटं आहेत. तिथे एक फरगेट-मी-नॉट उगवतं. पानं मोठाली, चकचकीत आणि फुलं तीच निळी. मेंढ्या आणि डुकरं बेटांवर आली आणि त्यांनी किनाऱ्यावरचे ताटवेच्या ताटवे खाऊन टाकले. रानात ते फार थोडं उरलं. पण बागवाल्यांनी त्याचं बी जपलं होतं, म्हणून आज ते दूरदूरच्या बागांत दिसतं. माणसाने आणलेल्या जनावरांनी घालवलं आणि माणसानेच कुंडीत वाचवलं.

माझ्या कुंडीकडे येतो. दुसऱ्या वर्षी भाचीने पुन्हा पाकीट पाठवलं. या वेळी मी पाऊस जाऊ दिला. ऑक्टोबरच्या मध्याला बी पेरलं. गाळलेलं शेणखत, माती आणि थोडी वाळू. कुंडी पूर्वेकडच्या भिंतीला ठेवली, सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारची सावली. पाणी झारीने, रोज थोडं. अकरा रोपं उगवली. डिसेंबरात त्यांनी मऊ, लवदार पानांचे गोल धरले. उंदराचे कान मी पहिल्यांदा बोटाने चाचपून पाहिले. साताऱ्याची थंडी त्यांना पुरेशी नव्हती. दहा रोपं पानांवरच राहिली. एका रोपाला फेब्रुवारीत नांगीसारखा तुरा आला. आधी गुलाबी कळी, मग निळं फूल. मी भिंग घेऊन पायरीवर बसलो. पिवळं कडं होतं. चार दिवसांनी खालच्या फुलांची कडी पांढरी पडली होती. अम्मीला भिंगातून दाखवलं. बराच वेळ पाहून ती म्हणाली, "इत्ते से फूल के वास्ते इत्ता हंगामा?" मार्चच्या उन्हाने पंधरा दिवसांत सगळं संपवलं.

तेव्हा महाराष्ट्रात कुणाला हे फूल लावायचंच असेल तर माझा अनुभव एवढाच सांगतो. महाबळेश्वरसारख्या थंड जागी प्रयत्न करून पाहा. बाकीच्यांनी सायनोग्लॉसम लावावं. त्याला चिनी फरगेट-मी-नॉट म्हणतात. तेही याच कुलातलं, फूल तसंच निळं, झाड मात्र गुडघाभर. त्याला थंडीची एवढी अट नसते. ऑक्टोबरात पेरलं की तीनएक महिन्यांत फुलतं. ऊन चालतं. फक्त त्याच्या बियांना बारीक आकडे असतात, त्या लुगड्याला, धोतराला चिकटतात.

आकड्यांवरून शेवटची गोष्ट. माझ्या कुंडीतल्या एकुलत्या एक फुलाचं कौतुक ऐकून वनस्पतिशास्त्र शिकवणारे एक स्नेही हसले. म्हणाले, "इंग्लंडातून बी कशाला मागवलंस? याची चुलत बहीण वर कासला आहे."

कासचं पठार साताऱ्यापासून पंचवीसएक किलोमीटरवर. जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर आणि त्यावर आठशेहून अधिक जातींच्या सपुष्प वनस्पती. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा ठरवलं, त्यात कासचाही समावेश आहे. मी तिथे अनेकदा गेलो होतो. तेरड्याचे गुलाबी गालिचे पाहिले होते, सोनकी पाहिली होती. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात स्नेह्यांबरोबर गेलो, तेव्हा त्यांनी रस्त्यापासून चार पावलांवर बोट दाखवलं. मोठी हृदयाच्या आकाराची पानं, वर उंच दांडा, त्याला वळणदार तुरे आणि तुऱ्यांवर निळी-पांढरी पाच पाकळ्यांची फुलं. निसुर्डी. शास्त्रीय नावात 'सेलेस्टिना' असा शब्द आहे, म्हणजे आभाळाच्या रंगाची.

मी ती शंभर वेळा ओलांडून गेलो असेन. तिचं नाव विचारलं नव्हतं. तिने कधी 'विसरू नको' म्हटलं नाही, कारण ओळखच नव्हती तर विसरणार काय? घरापासून तासाभराच्या अंतरावरच्या फुलाला मी ओळखत नव्हतो आणि सात समुद्रांपलीकडच्या फुलावर पंचविशीत गळा काढला होता.

निसुर्डी कुंडीत लावावी का, असा मोह मला झाला. स्नेह्यांनी लगेच मान हलवली. कासचं काहीही उपटायचं नाही, तोडायचं नाही, न्यायचं नाही. खडकावरची बोटभर माती, चार महिन्यांचा पाऊस आणि धुकं, मग आठ महिन्यांचा उन्हाळा, हे सगळं कुंडीत कुठून आणणार? काही फुलांची लागवड म्हणजे त्यांच्या जागेला धक्का न लावणं, एवढीच असते. परत गाडीत बसताना पाहिलं तर मोज्यांना निसुर्डीच्या आकडेदार बिया चिकटलेल्या. दोघंही दगडावर बसलो आणि एकेक बी काढून तिथल्याच गवतात टाकलं. त्याला अर्धा तास लागला.

पटकेवाले बाबा पुन्हा भेटले नाहीत. भेटले असते तर सांगितलं असतं, बाबा, ते फूल थंड मुलखात, अर्ध्या सावलीत उगवतं. पाणी रोज लागतं, पण थोडं. साताऱ्यात अकरातलं एक फुललं, तेही पंधरा दिवस. आणि हो, आता बघितलंय.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)